दिवा आपला, उजेड त्याचा : ख्रिस्ती श्रद्धेतलं प्रकाशाचं रूपक

येशूची दोन वाक्यं एकापुढे एक वाचली की माणूस थबकतो. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार ग्रंथांपैकी एकात (८:१२), तो स्वतःबद्दल म्हणतो, "मीच जगाचा प्रकाश आहे." मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:१४) डोंगरावर बसून शिकवताना तो शिष्यांना म्हणतो, "तुम्ही जगाचा प्रकाश आहात." हे शिष्य म्हणजे गालीलच्या सरोवरात जाळी टाकणारे कोळी आणि त्यांच्यासारखीच साधी माणसं. मग जगाचा प्रकाश नेमका कोण? तो की ते?

या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. चर्चमध्ये मेणबत्त्या कशासाठी लावतात, स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, वेळी बाळाच्या घरच्यांच्या हातात पेटती मेणबत्ती का देतात, 'साक्ष देणे' हे शब्द ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात इतक्या वेळा का येतात, हे सगळं त्या एका उत्तराशी बांधलेलं आहे. उत्तर चुकलं तेव्हा काय झालं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. ते टाळून हा विषय प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, म्हणून तोही भाग पुढे येईल.

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणाऱ्या, 'तमसो मा ज्योतिर्गमय' ऐकत वाढलेल्या वाचकाला उजेड म्हणजे चांगलं आणि अंधार म्हणजे वाईट, एवढं वेगळं सांगायची गरज नाही. जवळपास प्रत्येक धर्मात ते आहे. ख्रिस्ती परंपरेचं वेगळेपण दुसरीकडे आहे. तिथे प्रकाशाच्या मालकीचा प्रश्न सतत विचारला जातो.

सुरुवात बायबलच्या पहिल्याच पानावर होते. देव म्हणतो, "प्रकाश होवो," आणि प्रकाश होतो. हा पहिला दिवस. सूर्य आणि चंद्र येतात ते चौथ्या दिवशी. प्राचीन वाचकालाही हा क्रम विचित्र वाटला असणार. पण आजूबाजूच्या बाबेलमध्ये आणि मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) सूर्य हा देव होता, हे ध्यानात घेतलं की लिहिणाऱ्याचा रोख कळतो. त्या उताऱ्यात सूर्य-चंद्रांची नावंसुद्धा येत नाहीत. एक 'मोठी ज्योती' आणि एक 'लहान ज्योती', एवढाच त्यांचा उल्लेख. उजेड देणाऱ्या या वस्तू नेमून दिलेलं काम करतात. त्या पूजेच्या नाहीत. उजेड त्यांच्याही आधीचा आहे आणि तो देवाच्या शब्दातून आलेला आहे.

पुढे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (९:२) ते प्रसिद्ध वाक्य येतं : अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे. नाताळच्या उपासनेत ते दरवर्षी वाचलं जातं आणि ऐकायला गोड लागतं. पण ते ज्यांच्याबद्दल आहे, त्या जबुलून आणि नफताली या उत्तरेकडच्या प्रदेशांवर इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात अश्शूरच्या सैन्याने धाड घातली होती आणि तिथली माणसं कैद करून नेली होती. हा अंधार हरलेल्या, उद्ध्वस्त झालेल्या मुलखाचा होता. मत्तय जेव्हा सांगतो की येशूने कफर्णहूमला राहायला जाऊन कामाला सुरुवात केली, तेव्हा तो यशयाचं हेच वाक्य उद्धृत करतो, कारण कफर्णहूम त्याच प्रदेशात येतं. सर्वांत आधी ज्यांच्यावर अंधार पडला, उजेडही आधी त्यांच्याकडेच आला, असं त्याला सांगायचं आहे.

दिवठणीवरचा दिवा

आता 'तुम्ही जगाचा प्रकाश आहात' या वाक्याकडे येऊ. ते ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणता दिवा होता? पहिल्या शतकातले असे दिवे उत्खननांत भरपूर सापडले आहेत. तळहातावर मावेल एवढा मातीचा दिवा, त्यात ऑलिव्हचं तेल आणि चोचीतून बाहेर आलेली अंबाडीसारख्या धाग्याची वात. अशा दिव्याचा उजेड अगदी थोडका. पण गरिबाचं घर बहुतेक एका खोलीचं असे. म्हणून येशू म्हणतो की दिवा लावून कुणी तो मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो, म्हणजे तो 'घरातल्या सर्वांना' प्रकाश देतो. माप म्हणजे धान्य मोजायचं भांडं. त्याखाली दिवा ठेवला तर उजेड लपतोच, पण हवा कोंडून थोड्या वेळात दिवाही विझतो.

लगेच पुढचं वाक्य आहे : तुमचा उजेड लोकांपुढे असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. मला या वाक्याची रचना फार महत्त्वाची वाटते. लोकांनी पाहायची ती कृती, आणि कौतुक व्हायचं ते देवाचं. करणारा माणूस मधेच कुठेतरी आहे, आणि नजर त्याच्यावर न अडता पुढे जाते. दिवा लावल्यावर घरातली माणसं दिव्याकडे बघत बसत नाहीत. त्या उजेडात ती दळतात, शिवतात, एकमेकांचे चेहरे बघतात.

थोडं पुढे, सहाव्या अध्यायात, येशू याच्या अगदी उलट वाटणारी गोष्ट सांगतो. दानधर्म करशील तेव्हा तुझा उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नको. एकीकडे लोकांना दिसू द्या, दुसरीकडे लपवा. दोन्ही एकाच प्रवचनात, काही मिनिटांच्या अंतराने. दोन्हींचा मेळ श्रेय कुणाला जातं, यावर बसतो. भुकेल्याला अन्न मिळालेलं दिसायला हवं. आपण किती दानशूर आहोत, ते दिसायची गरज नाही.

मंदिराचं अंगण आणि जन्मांध माणूस

'मी जगाचा प्रकाश आहे' या दुसऱ्या वाक्यामागेही खरे दिवे आहेत. यरुशलेममध्ये शरद ऋतूत मंडपांचा सण साजरा होई. ज्यू परंपरेचा 'मिश्ना' हा ग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यात या सणाचं वर्णन आहे. मंदिरातल्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दीपस्तंभ असत. याजकांच्या घराण्यांतले तरुण शिड्या लावून वर चढत आणि तेल ओतत. याजकांच्या जीर्ण झालेल्या वस्त्रांच्या वाती केलेल्या असत. त्या उजेडाने यरुशलेमचं एकही अंगण उजळायचं राहत नसे, असं तिथे म्हटलं आहे. रात्रभर गाणी आणि नाच चाले, आणि मोठमोठी विद्वान माणसं हातात मशाली घेऊन नाचत.

योहान सातव्या अध्यायात हाच सण सांगतो. आठव्यात येशूचं हे वाक्य येतं, आणि तो ते मंदिराच्या खजिन्यापाशी बोलला अशी जागाही योहान नोंदवतो. हा खजिना त्याच स्त्रियांच्या अंगणात होता असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्या लोकांच्या सर्वांत लखलखीत सणाच्या पार्श्वभूमीवर एक माणूस म्हणतो की जगाचा प्रकाश मी आहे. ऐकणारे चिडले यात नवल नाही. हा दावा एक तर खरा असेल किंवा भयंकर उद्धट असेल. तिसरी सोयीची जागा इथे नाही.

लगेच नवव्या अध्यायात एक जन्मांध भिकारी येतो. 'साक्ष' म्हणजे काय हे समजून घ्यायला मला संपूर्ण बायबलमध्ये याहून चांगली गोष्ट ठाऊक नाही.

शिष्य त्याला पाहून विचारतात, हा आंधळा जन्मला तर पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. मग तो थुंकीने माती कालवतो, ती त्याच्या डोळ्यांना लावतो आणि सिलोमच्या तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो. माणूस धुऊन येतो तो डोळस होऊन. इथून पुढे जवळजवळ सगळा अध्याय चौकशीचा आहे. शेजारी विचारतात, तो म्हणतो : येशू नावाच्या माणसाने केलं. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू गटातली माणसं, विचारतात, तुझं त्याच्याबद्दल काय मत? तो म्हणतो : तो संदेष्टा आहे. आईबापांना बोलावतात. ते घाबरलेले असतात, सभास्थानातून बाहेर काढलं जाण्याची भीती असते. ते म्हणतात, त्यालाच विचारा, तो मोठा झाला आहे. पुन्हा त्याला बोलावून दरडावतात की तो येशू पापी आहे. त्यावर तो म्हणतो, "तो पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला एक ठाऊक आहे : मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं."

या माणसाकडे धर्मशास्त्र नाही. ज्याने बरं केलं त्याचा चेहराही त्याने अजून पाहिलेला नाही, कारण डोळे धुतले तेव्हा येशू तिथे नव्हता. जेवढं स्वतःला घडलं तेवढंच तो सांगतो, ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, आणि दबाव आला तरी शब्द फिरवत नाही. ख्रिस्ती भाषेत साक्ष म्हणतात ती ही. न्यायाधीश होऊन निवाडा देणं किंवा वकील होऊन वाद जिंकणं हे तिच्यात येत नाही. आणि त्याचं स्वतःचं समजणंही एकदम पूर्ण होत नाही. 'येशू नावाचा माणूस' इथून 'संदेष्टा', तिथून 'देवाकडून आलेला' आणि अगदी शेवटी, हाकलून दिल्यावर येशू त्याला शोधत येतो तेव्हा, 'प्रभू, मी विश्वास ठेवतो.' डोळे एका क्षणात उघडले, दिसायला मात्र वेळ लागला.

याच शुभवर्तमानाच्या सुरुवातीला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल एक स्पष्ट ओळ आहे : तो प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष देण्यासाठी आला होता. आणि तरीही पाचव्या अध्यायात येशू त्याच योहानाला 'जळता आणि प्रकाशणारा दिवा' म्हणतो. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. प्रकाश ख्रिस्ताचा, माणूस त्याचा दिवा. दिव्याला मान आहे, कामही आहे, पण उजेड त्याने स्वतः बनवलेला नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी यासाठी चंद्राचा दाखला दिला : ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, चंद्रासारखी आहे, ती स्वतःच्या नव्हे तर ख्रिस्ताच्या प्रकाशाने चमकते. हा दाखला सोळाशे वर्षं टिकला. मार्च २०१३ मध्ये पोप निवडण्याआधी जमलेल्या कार्डिनलांसमोर ब्यूनस आयर्सचे कार्डिनल बेर्गोल्यो यांनी एक छोटं भाषण केलं. ख्रिस्तसभा स्वतःभोवतीच फिरू लागली की आपल्यापाशी स्वतःचा प्रकाश आहे असं तिला वाटू लागतं, असं ते त्यात म्हणाले. काही दिवसांत ते पोप फ्रान्सिस झाले.

उजेड नकोसा का वाटतो

प्रकाश म्हटलं की धीर, आशा, मार्गदर्शन एवढंच मनात येतं. बायबलमध्ये त्याला दुसरी, बोचणारी बाजूही आहे. उजेडात जे असेल ते सगळं दिसतं. योहान (३:२०) म्हणतो, वाईट करणारा प्रकाशाकडे येत नाही, आपली कृत्यं उघडी पडतील म्हणून. हे वाक्य निकदेम नावाच्या पुढाऱ्याशी झालेल्या संभाषणात येतं, आणि निकदेम स्वतः रात्री, लपून आलेला आहे. तो वाईट माणूस नाही, फक्त घाबरलेला आहे. येशूच्या मृत्यूनंतर हाच निकदेम गंधरस आणि अगरू यांचं भलंमोठं ओझं घेऊन उघडपणे पुढे येतो. मधे एकदा, सातव्या अध्यायात, तो येशूची बाजू घेऊन एक प्रश्न विचारतो. त्याच्या मनात काय झालं ते मात्र योहान सांगत नाही.

आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित झालेल्या पौलाच्या बाबतीत तर प्रकाशाने आधी डोळेच घेतले. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर तेजाने तो खाली पडला आणि तीन दिवस त्याला दिसत नव्हतं. ज्याला आपल्याला सगळं नीट दिसतं अशी खात्री होती, त्याला हात धरून गावात न्यावं लागलं.

मग माणूस उजेडात आहे की नाही, हे ओळखायचं कसं? योहानाचं पहिलं पत्र यावर सरळ कसोटी देतं (२:९). मी प्रकाशात आहे असं म्हणून जो आपल्या बंधूचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे. दर्शनं झाली का, प्रार्थनेत काय अनुभव आला, यांतलं काहीही तिथे विचारलेलं नाही. शेजारच्या माणसाशी कसा वागतोस, एवढाच प्रश्न आहे.

एका ज्योतीपासून दुसरी

इसवी सन ३२५ मध्ये निकाया इथे झालेल्या धर्मपरिषदेत हे रूपक थेट श्रद्धासूत्रात आलं. येशू देवाने निर्माण केलेला, म्हणजे देवाहून कमी आहे, असं आरियस नावाचे धर्मगुरू शिकवत होते. परिषदेने उत्तरात 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश' असे शब्द घातले. एका ज्योतीवर दुसरी पेटवली तर दुसरी ज्योत पहिलीहून खालच्या जातीची नसते, आणि पहिलीचंही काही कमी होत नाही. शतकानुशतकं चाललेला अवघड वाद या एका प्रतिमेने मिटला असं नाही, पण सामान्य माणसाला तो समजू शकला तो याच प्रतिमेमुळे. जगभर रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, हे शब्द आजही म्हटले जातात.

पण माझ्या मते या रूपकाचा सर्वांत चांगला अर्थ कुठल्याही सूत्रापेक्षा ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी सांगतो. वसईत असो, गोव्यात असो, मुंबईच्या उपनगरात असो, क्रम तोच. पवित्र शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्याला आशीर्वाद देतात. मग पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती आणतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि त्या वर्षाचे आकडे कोरतात. धुपाचे पाच दाणे तिच्यात खोचतात, ते येशूच्या पाच जखमांची खूण. या मेणबत्तीला नव्या अग्नीवरून ज्योत मिळते. ती घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये जाताना तीनदा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गातात आणि लोक देवाचे आभार मानतात. त्या एका ज्योतीवरून लोकांच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या पेटतात, शेजाऱ्याच्या ज्योतीवरून शेजारी आपली लावतो. काही मिनिटांत सगळ्यांचे चेहरे दिसू लागतात.

मग एक हजार वर्षांहून जुनं स्तोत्र गायलं जातं. ही ज्योत अनेकांत वाटली तरी तिचं तेज घटत नाही असं त्यात म्हटलं आहे, आणि मेण बनवणाऱ्या मधमाश्यांचाही त्यात उल्लेख आहे. इतक्या गंभीर क्षणी मधमाशीची आठवण ठेवणाऱ्या त्या जुन्या कवीबद्दल मला फार आपुलकी वाटते.

एक गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. कित्येक शतकं कॅथलिक चर्चमध्ये हा विधी शनिवारी सकाळी होत असे. सायंकाळी मिस्सा करायला मनाई होती, म्हणून तो मागे मागे सरकत गेला. लख्ख उन्हात मेणबत्ती पेटवायची आणि 'ही ती रात्र' असं गायचं, अशी परिस्थिती. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५५ मध्ये कायमचा तो पुन्हा रात्री आणला. रूपकाला अंधाराची गरज असते, हे चर्चला नव्याने लक्षात यायला विसावं शतक उजाडलं.

याच पास्काच्या मेणबत्तीवरून स्नानसंस्काराची मेणबत्ती पेटवतात. बाळाला ती धरता येत नाही, म्हणून आईवडील किंवा धर्ममातापिता धरतात आणि ही ज्योत तेवती ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली जाते. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती विचारवंतांनीही स्नानसंस्काराला ज्ञानप्रकाश मिळणं असंच म्हटलं आहे. अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवतात तीही पास्काचीच मेणबत्ती.

उजेड आपला वाटू लागला तेव्हा

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर तेराव्या शतकात दोन स्त्रियांचे पुतळे बसवले गेले. एक ख्रिस्तसभा, मुकुट घातलेली, ताठ. दुसरी यहुदी धर्म, डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातातला भाला मोडलेला. जन्मांध माणसाच्या गोष्टीतला येशू ज्यू, तो भिकारी ज्यू, परूशीही ज्यू. एका घरातलं ते भांडण होतं. ते बाजूला टाकून 'आम्ही डोळस, ते आंधळे' असं दगडात कोरलं गेलं. त्या पुतळ्यांचं शिल्प अप्रतिम आहे. म्हणूनच ते बघताना जास्त वाईट वाटतं.

गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झालं आणि १७७० च्या दशकातली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. गुपचूप जुन्या चालीरीती पाळल्याच्या संशयावरून नवख्रिस्ती माणसांना पकडलं जाई, जाहीर मिरवणुकीने शिक्षा सुनावल्या जात, काहींना जाळण्यात आलं. खऱ्या श्रद्धेचं रक्षण करतो आहोत अशी त्या न्यायाधीशांची समजूत होती. योहानाच्या पत्रातली कसोटी त्यांनी स्वतःला कधी लावली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी लिखाणात आपला देश 'अंधारातला' म्हणून रंगवला गेला, जणू उजेड बोटीतून उतरवायचा माल होता. या सगळ्याचं मूळ एकच आहे. चंद्राला आपण सूर्य आहोत असं वाटलं.

त्याच काळात त्याच श्रद्धेतून वेगळंही घडत होतं. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणि विधवांना आसरा दिला. तिथे अंध स्त्रियांसाठी एक घर होतं, त्याचं नाव बर्तिमी सदन. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या बर्तिमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यावरून ते ठेवलेलं. अंधत्व हे पापाचं प्रतीक म्हणून वापरून मोकळं होणं सोपं असतं. रमाबाईंनी अंध बायकांना राहायला घर दिलं.

डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही, असं येशू म्हणाला होता. दक्षिण फ्रान्समधल्या उंच पठारावर ल शांबों-सुर-लिन्यों नावाचं गाव आहे. तिथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट. त्यांच्या पूर्वजांनी धर्मासाठी छळ सोसलेला. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागतीचा करार केला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या तिथल्या दोन पाळकांनी सांगितलं की विवेकाविरुद्ध वागायला कुणी भाग पाडलं तर आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करणं हे आपलं कर्तव्य आहे. पुढची चार वर्षं गावाने आणि आसपासच्या वाड्यांनी पळून आलेल्या ज्यू माणसांना, विशेषतः मुलांना, लपवलं. १९४२ मध्ये अधिकाऱ्यांनी ज्यूंची नावं मागितली तेव्हा त्रोक्मे यांनी ती द्यायला नकार दिला. त्यांच्या नात्यातले दानिएल त्रोक्मे एका मुलांच्या वसतिगृहाचे प्रमुख होते. जून १९४३ मध्ये मुलांबरोबर तेही पकडले गेले आणि पुढच्या वर्षी नाझींच्या मायदानेक छावणीत मरण पावले.

आता बघा, इथे नगर डोंगरावर आहे, सत्कर्म चाललेलं आहे आणि ते कुणालाही दिसता कामा नये. दिसलं तर मुलं मरतील. पाचवा अध्याय आणि सहावा अध्याय, दोन्ही एकाच गावात एकाच वेळी पाळले गेले. जगाला हे पुष्कळ उशिरा कळलं. १९९० मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्या सगळ्या परिसराचा गौरव केला. गावातल्या अनेकांनी आपण काही विशेष केलं हे मान्य करायलाच नकार दिला होता.

ज्यांना स्वतःला काहीच दिसत नव्हतं

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. दिव्यालाच उजेड दिसेनासा झाला तर?

मदर तेरेसा १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत होत्या. त्या प्रवासात आणि पुढच्या महिन्यांत येशू आपल्याला बोलावतो आहे, गरिबांच्या अंधाऱ्या बिळांमध्ये मला ने, माझा प्रकाश हो असं सांगतो आहे, असा अनुभव त्यांनी आपल्या बिशपना कळवला. १९४८ मध्ये परवानगी मिळाली आणि त्या कोलकात्याच्या रस्त्यावर उतरल्या. काम सुरू होताच तो आवाज थांबला. प्रार्थनेत काहीच जाणवेना. १९५८ मधला थोडा काळ सोडला तर १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा आतला अंधार राहिला. जगाला हे २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाल्यावर कळलं. ती जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती.

पत्रं वाचून काहींनी म्हटलं की त्यांची श्रद्धा संपली होती आणि बाहेरचं हसू हा मुखवटा होता. त्यांच्या कामावर, विशेषतः तिथल्या औषधोपचारांवर, टीका झाली आहे आणि त्या टीकेचा विचार व्हायलाच हवा. पण पत्रांबद्दलचा हा निष्कर्ष मला पटत नाही. श्रद्धा संपलेला माणूस देवाला इतकी व्याकूळ हाक मारत नाही, आणि रोज पहाटे उठून पन्नास वर्षं तेच काम करत नाही.

या अंधाराचा अर्थ लावायला त्यांना ज्यांनी मदत केली ते फादर योसेफ नॉयनर पुण्यात राहत आणि भावी धर्मगुरूंना शिकवत. जेझुइट संघाचे हे ऑस्ट्रियन धर्मगुरू २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पुण्यातच वारले. त्यांनी मदर तेरेसांना तीन गोष्टी सांगितल्या : यावर माणसाकडे उपाय नाही आणि यात तुमचा दोष नाही, देवाची ही तहानच तो जवळ असल्याची खूण आहे, आणि क्रूसावरच्या येशूने जे सोसलं त्यातला वाटा तुमच्या कामाबरोबर तुम्हाला मिळाला आहे. त्यानंतर मदर तेरेसांनी लिहिलं की या अंधारावर आपण प्रेम करू लागलो आहोत. अंधार गेला नाही. कालीघाटच्या 'निर्मल हृदय' या मरणासन्नांच्या घरात रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसांना धुवायचं, पुसायचं काम दुसऱ्या दिवशी तसंच सुरू होतं.